डॉकरमधला डेटा गेला, डिस्क भरली. आता कुबरनेटिस घ्यावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुर्भ्यात तुमची चार-पाच जणांची कंपनी आहे. वाशीच्या एपीएमसी मार्केटमधल्या आडत्यांसाठी तुम्ही आवक, बिलं आणि शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या सांभाळणारं ॲप्लिकेशन बनवलंय. मागे नोडवर चालणारा कोड, डेटाबेस पोस्टग्रेस, पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर. नवा आडत्या आला की सर्व्हरवर सगळं हाताने बसवण्यात दोन दिवस जातात म्हणून डॉकरकडे वळलात, म्हणजे ॲप्लिकेशन सगळ्या साहित्यासकट एका वेगळ्या खोक्यात (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या साधनाकडे. लॅपटॉपवर सगळं छान चाललं. सर्व्हरवर मात्र आधी डिस्क भरून ॲप्लिकेशन बंद पडलं, आणि नंतर नवी आवृत्ती टाकताना कंपोज डाउन आणि अप (एका फाइलीत लिहिलेले सगळे कंटेनर एकदम काढणं आणि पुन्हा बनवणं) केल्यावर डेटाबेस कोरा करकरीत समोर आला. आता तुमचे भागीदार म्हणतायत, डॉकर असंच असतं, थेट कुबरनेटिसवर, म्हणजे अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या व्यवस्थेवर जाऊ.

आधी तातडीचं. डेटाबेस कोरा दिसला म्हणजे डेटा गेलाच असं नाही. तुम्ही कंपोज फाइलमध्ये पोस्टग्रेससाठी व्हॉल्यूम (कंटेनरबाहेरची डेटा ठेवायची जागा) लिहिलं नसेल, तरी पोस्टग्रेसची अधिकृत इमेज (ज्यातून कंटेनर बनतो तो तयार साचा) स्वतःहून एक बिननावाचं व्हॉल्यूम बनवते आणि डेटा त्यात ठेवते. डाउन केल्यावर कंटेनर जातो, पण ते व्हॉल्यूम मशीनवर तसंच पडून राहतं. पुन्हा अप केलं की नवा कंटेनर स्वतःसाठी दुसरं बिननावाचं व्हॉल्यूम घेतो, म्हणून तुम्हाला कोरा डेटाबेस दिसतो. तेव्हा सगळ्यात आधी हे ऐका: प्रून नावाची, म्हणजे न वापरलेलं पुसून टाकणारी, कुठलीही कमांड आत्ता चालवू नका. डिस्क भरली की इंटरनेटवर पहिला सल्ला हाच मिळतो, आणि डॉकरच्या हल्लीच्या आवृत्त्यांमध्ये व्हॉल्यूम प्रून नेमकी हीच बिननावाची, कुठल्याच कंटेनरला न जोडलेली व्हॉल्यूम पुसून टाकतं.

डॉकरला व्हॉल्यूमची यादी मागा. ज्यांच्या नावाच्या जागी अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ दिसते ती बिननावाची. प्रत्येकाचं इन्स्पेक्ट केलं की ते कधी तयार झालं आणि मशीनवर कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे कळतं. त्या फोल्डरमध्ये पीजी व्हर्जन नावाची छोटी फाइल सापडली तर तो पोस्टग्रेसचा डेटा आहे, आणि फाइलमध्ये मेजर आवृत्तीचा आकडा लिहिलेला असतो, १५ किंवा १६ असा. त्या फोल्डरची आधी पूर्ण प्रत काढा आणि मूळ फोल्डरला हात लावू नका. मग प्रतीवर नेमक्या त्याच मेजर आवृत्तीचं पोस्टग्रेस वेगळ्या कंटेनरमध्ये उभं करून आत काय आहे ते बघा. एक अपवाद मात्र सांगायला हवा. डाउन करताना पुढे डॅश व्ही लावलं असेल तर व्हॉल्यूमही गेलं, मग बॅकअप हाच मार्ग. तुम्ही नेमकी कुठली कमांड दिली हे प्रश्नात नाही. सर्व्हरच्या कमांड-हिस्टरीत ते सापडेल.

आता मूळ मुद्दा. तुमच्या दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे, आणि कुबरनेटिसने त्यातली एकही सुटत नाही. कंटेनर हा छोटा सर्व्हर आहे असं समजून तुम्ही तो वापरताय. तसं नाही. कंटेनर म्हणजे लिनक्सवर चालणारी एक साधी प्रक्रियाच. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नेमस्पेसेसमुळे तिला फक्त स्वतःच्या फाइली, स्वतःचं नेटवर्क आणि स्वतःच्या प्रक्रिया दिसतात, आणि सीग्रुप्समुळे तिच्या मेमरीला, सीपीयूला मर्यादा घालता येते. हे दोन्ही डॉकरच्या आधीपासून लिनक्समध्ये होतं. २०१३ साली डॉकर आलं आणि ते सगळ्यांच्या आवाक्यात आलं. मार्केटमधल्या गाळ्यासारखं बघा: शटर आणि कुलूप वेगळं, पण इमारत, पाणी आणि वीज सगळ्यांची एकच. व्हर्च्युअल मशीन म्हणजे स्वतंत्र इमारत.

कंटेनर आतल्या फाइलींवर जे लिहितो ते त्याच्यापुरत्या एका पातळ थरात जातं. कंटेनर थांबवून पुन्हा सुरू केला तर तो थर टिकतो. कंटेनर काढून नवा बनवला की थर गेला. आणि नवी आवृत्ती टाकणं म्हणजे दर वेळी नवा कंटेनरच. त्यामुळे मी कुठलंही ॲप्लिकेशन कंटेनरमध्ये नेण्याआधी टीमला एकच प्रश्न विचारतो: हा कंटेनर आत्ता काढून टाकला तर काय काय जाईल? त्या उत्तरात आलेली प्रत्येक गोष्ट बाहेर ठेवायची. तुमच्या बाबतीत डेटाबेस तर आहेच, शिवाय आडत्यांनी चढवलेले पावत्यांचे फोटो, छापायला तयार केलेल्या पट्ट्यांच्या पीडीएफ, एनजिनएक्सची प्रमाणपत्रं आणि पासवर्ड. डेटाबेसची आठवण सगळ्यांना असते. फोटोंचं फोल्डर बहुतेक वेळा पहिल्या आवृत्तीबदलानंतरच आठवतं.

यासाठी कंपोज फाइलमध्ये व्हॉल्यूमला स्वतः नाव द्या आणि ते पोस्टग्रेसच्या डेटाच्या फोल्डरवर बरोबर चढवा. इथे जपून. पोस्टग्रेस १७ पर्यंतच्या अधिकृत इमेजमध्ये ही जागा आतल्या डेटा नावाच्या फोल्डरवर होती, १८ पासून ती एक पायरी वर सरकली आहे. जुन्या लेखातला मार्ग डोळे झाकून उतरवलात तर व्हॉल्यूम आहे असं वाटेल आणि डेटा भलतीकडेच जाईल. चढवून झाल्यावर एक चाचणी नक्की करा: चार नोंदी टाका, डाउन करा, अप करा, नोंदी आहेत का बघा. पाच मिनिटांचं काम आहे. मी ही चाचणी झाल्याशिवाय कुठल्याही ग्राहकाचा खरा डेटा आत जाऊ देत नाही.

इमेजच्या नावापुढे लेटेस्ट लिहू नका. आज लेटेस्ट म्हणजे एक आवृत्ती, सहा महिन्यांनी दुसरी. पोस्टग्रेसची मेजर आवृत्ती बदलली की नवं पोस्टग्रेस जुना डेटा उघडायला नकार देतं. ते बरोबरच आहे, पण पहाटे आवकेच्या वेळी कळलं तर फार महागात पडतं. आकडा लिहून ठेवा आणि तो बदलायचा असेल तेव्हा ठरवून, डंप (डेटाबेसमधून काढलेली सगळ्या डेटाची प्रत) काढून बदला.

डिस्कचं कारण मी तुमच्या मशीनकडे न बघताही बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकतो: लॉग. डॉकर मुळात प्रत्येक कंटेनरचा आउटपुट एका जेसन फाइलमध्ये लिहीत जातं आणि त्या फाइलीला कसलीही मर्यादा घातलेली नसते. तुमचं नोड ॲप्लिकेशन प्रत्येक विनंतीमागे दोन-चार ओळी लिहीत असेल, तर गर्दीच्या हंगामात ती फाइल किती फुगेल याचा अंदाज करा. डॉकर डीमनच्या (मागे सतत चालणाऱ्या डॉकरच्या सेवेच्या) सेटिंग फाइलमध्ये लॉगचा कमाल आकार आणि किती फाइली ठेवायच्या हे लिहा. दहा एमबीच्या तीन-पाच फाइली तुम्हाला पुरतील. दोन गोष्टी लोक विसरतात. बदल केल्यावर डीमन पुन्हा सुरू करावा लागतो, आणि ही मर्यादा फक्त त्यानंतर बनलेल्या कंटेनरांना लागू होते. जुने कंटेनर काढून पुन्हा बनवावे लागतात. जुन्या इमेजेस आणि बिल्डचा साठाही जागा खातो. डॉकर सिस्टिम डीएफ या कमांडने कोण किती खातंय ते आधी बघा, मगच काय पुसायचं ते ठरवा.

यापुढचं तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या धंद्याच्या वेळांमुळे ते सांगणं मला फार गरजेचं वाटतं. कंटेनर मुळात यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. आपली वेळ साडेपाच तासांनी पुढे. साध्या कार्यालयीन ॲप्लिकेशनमध्ये हा घोटाळा महिनोन् महिने कळत नाही, कारण दहा ते सहाच्या कामात तारीख दोन्हीकडे एकच असते. भाजीपाला मार्केटचं काम मात्र रात्री गाड्या लागल्यापासून पहाटेपर्यंत चालतं. पहाटे तीनला बनलेल्या बिलाच्या वेळी यूटीसीत आदल्या दिवसाचे साडेनऊ वाजलेले असतात. म्हणजे ॲप्लिकेशन सर्व्हरची तारीख उचलत असेल तर मध्यरात्र ते साडेपाच या काळातल्या सगळ्या पट्ट्यांवर कालची तारीख पडणार. भाव रोज बदलतात. शेतकऱ्याच्या हातातल्या पट्टीवर चुकीची तारीख म्हणजे भांडणाला आमंत्रण. डेटाबेसमध्ये वेळ टाइमझोनसकट साठवा, आणि पट्टीवरची तारीख काढताना एशिया कोलकाता हा झोन कोडमध्ये स्पष्ट सांगा. नुसतं टीझेड हे टाइमझोनचं व्हेरिएबल लावून निश्चिंत होऊ नका. काही छोट्या इमेजेसमध्ये टाइमझोनची माहितीच नसते, आणि मग ते सेटिंग गुपचूप दुर्लक्षिलं जातं.

याचीच दुसरी बाजू बॅकअपची. सगळीकडे रात्री दोनला बॅकअप लावायची पद्धत आहे. तुमच्याकडे ती ऐन कामाची वेळ. तुमच्या आडत्यांचा व्यवहार कधी थंडावतो ते त्यांनाच विचारा. माझा अंदाज दुपारी उशिराचा. आवृत्तीबदलही तेव्हाच करा. वेळापत्रक लिहिताना यूटीसीचं पुन्हा एकदा तपासा, नाहीतर रात्री दोनला लावलेलं काम सकाळी साडेसातला सुरू होईल.

बॅकअप म्हणजे पीजी डंप. चालू डेटाबेसच्या व्हॉल्यूमची फाइल-प्रत हा भरवशाचा बॅकअप नाही, कारण प्रत काढत असतानाही पोस्टग्रेस लिहीतच असतं. डंप दुसऱ्या ठिकाणी पाठवा. सर्व्हर ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये असेल तर प्रत त्याच रॅकमध्ये ठेवण्यात अर्थ नाही. आणि दर महिन्याला एक डंप कोऱ्या कंटेनरमध्ये चढवून बघा. कंटेनरमुळे हे काम इतकं सोपं झालंय की न करण्याला सबबच उरलेली नाही.

आता वीज गेल्यावर काय. तुमच्या काही आडत्यांकडे मशीन गाळ्यातच आहे असं तुम्ही लिहिलंय. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बिघडून मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली होती. वीज परत आल्यावर मशीन सुरू झालं, पण ॲप्लिकेशन नाही, असे फोन त्या दिवशी मला ठाण्यापासून कळंबोलीपर्यंतच्या लोकांचे आले. प्रत्येक सेवेला रीस्टार्ट धोरण लावा. मी ‘अनलेस स्टॉप्ड’ लावतो, म्हणजे मी मुद्दाम थांबवलेला कंटेनर मशीन सुरू झाल्यावर आपणहून उठत नाही. ‘ऑलवेज’ लावलंत तर तोही उठतो. डॉकरची सेवा बूटच्या वेळी सुरू होते का, तेही तपासा.

इथे एक बारकावा आहे. कंपोज फाइलमध्ये डिपेंड्स ऑन लिहून आधी डेटाबेस तयार होऊ दे, मग ॲप्लिकेशन, असा क्रम लावता येतो. पण हा क्रम कंपोज अप करतानाच पाळला जातो. वीज जाऊन मशीन परत उठतं तेव्हा कंटेनर उठवण्याचं काम डॉकर डीमन करतो, आणि त्याला कंपोजच्या क्रमाची कल्पना नसते. ॲप्लिकेशन आधी उठलं, डेटाबेस सापडला नाही, कनेक्शन तुटलं. म्हणून डेटाबेस मिळेपर्यंत थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करणं हे तुमच्या नोडच्या कोडमध्येच असायला हवं. तसंच हेल्थचेकचं, म्हणजे कंटेनर ठीक आहे का हे तपासण्याचं: साधं डॉकर आजारी कंटेनरवर अनहेल्दी असा शिक्का मारतं, पण त्याला पुन्हा सुरू करत नाही. तो शिक्का बघून कुणाला तरी कळवणारी व्यवस्था वेगळी लावावी लागते.

थांबवण्याचंही असंच. डॉकर स्टॉप दिलं की आतल्या पहिल्या प्रक्रियेला थांबायचा निरोप (सिगटर्म) जातो, दहा सेकंद वाट पाहिली जाते, आणि नंतर ती जबरदस्तीने मारली जाते. कंटेनरमध्ये नोड ही पहिलीच प्रक्रिया असेल आणि कोडमध्ये या निरोपाची दखल घेतलेली नसेल, तर तो सरळ दुर्लक्षिला जातो. तुमचा कंटेनर थांबायला दर वेळी पूर्ण दहा सेकंद घेत असेल तर हेच होतंय असं समजा. सिगटर्म आल्यावर नवीन विनंत्या घेणं बंद करायचं, हातातलं बिल पूर्ण करायचं, डेटाबेसचं कनेक्शन सोडायचं, आणि मग बाहेर पडायचं. डॉकरफाइलमध्ये शेवटची कमांड कंसातल्या यादीच्या स्वरूपात लिहा आणि एनपीएम या मधल्या साधनाऐवजी थेट नोड चालवा, म्हणजे निरोप मधे अडकत नाही. पोस्टग्रेसला दहा सेकंद कमी पडू शकतात. त्याची मुदत मिनिटभर करा.

सुरक्षेचं एकच सांगतो, कारण ते वागळे इस्टेटमधल्या एका ग्राहकाकडे प्रत्यक्ष पाहिलंय. सर्व्हरवर यूएफडब्ल्यू फायरवॉल चालू, डेटाबेसचा पोर्ट त्यात बंद, आणि तरीही बाहेरून डेटाबेस उघडा. डॉकर पोर्ट प्रसिद्ध करताना आयपी टेबल्स या लिनक्सच्या वाहतूक-नियमांमध्ये स्वतःचे नियम घालतं आणि ती वाहतूक यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाही. पोस्टग्रेसचा ५४३२ पोर्ट बाहेर काढायची तुम्हाला मुळात गरजच नाही. एकाच कंपोज नेटवर्कमधले कंटेनर एकमेकांना सेवेच्या नावाने हाक मारतात. देखभालीसाठी हवाच असेल तर तो १२७.०.०.१ ला, म्हणजे फक्त त्याच मशीनपुरता बांधा. बाहेर फक्त एनजिनएक्स दिसू दे.

मेमरीचं थोडक्यात: हापूसच्या हंगामात तुमच्या फळबाजारातल्या ग्राहकांचा भार वाढणार, आणि मर्यादा नसेल तर एकाच्या ॲप्लिकेशनने सगळी मेमरी खाल्ली म्हणून दुसऱ्याचं बंद पडेल. प्रत्येकाला मर्यादा घाला. कंटेनर १३७ हा आकडा देऊन बंद पडला तर मेमरी संपल्याचा संशय आधी घ्या. इन्स्पेक्टमध्ये ओओएम किल्ड (मेमरी संपल्याने मारलं) खरं दिसलं की खात्री झाली.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर आहेत, आणि तिथे मी ठाम उत्तर देणार नाही. प्रत्येक आडत्याला वेगळं पोस्टग्रेस द्यावं की एकाच पोस्टग्रेसमध्ये वेगवेगळे डेटाबेस? वेगळं दिलं तर एकाचा डेटा मागे नेताना दुसऱ्याला धक्का लागत नाही, पण मेमरी जास्त जाते. चार-आठ जीबीच्या मशीनवर मी एकच पोस्टग्रेस, वेगळे डेटाबेस आणि वेगळे युजर ठेवतो. डेटाबेस कंटेनरमध्ये असावाच का? नवीन आडत्यांसाठी हो, कारण मांडणी एकसारखी होते. पण ज्यांच्याकडे पोस्टग्रेस आज थेट मशीनवर नीट चाललंय, तिथे घाई करू नका. आधी ॲप्लिकेशन आणि एनजिनएक्स कंटेनरमध्ये न्या. डंप काढणं आणि चढवणं हातात बसलं की मग डेटाबेसचं बघा.

तुमची खरी गरज, म्हणजे नवा आडत्या दोन दिवसांऐवजी तासाभरात उभा राहणं, ही एका नीट लिहिलेल्या कंपोज फाइलने भागते. ॲप्लिकेशनची इमेज एकदाच बनवा, तिला आकडा द्या, चाचणीत आणि सर्व्हरवर तीच इमेज वापरा. आडत्यागणिक बदलतं ते, म्हणजे नाव, डेटाबेसचा पासवर्ड, हमाली-तोलाईचे दर, हे वेगळ्या एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये. इमेजमध्ये कधीच नाही, कारण इमेजच्या थरात गेलेला पासवर्ड नंतर पुसला तरी खालच्या थरात राहतो. तुमच्यापैकी कुणी एम मालिकेच्या मॅकवर काम करत असेल तर इमेज बनवताना एएमडी ६४ (सर्व्हरच्या प्रोसेसरचा प्रकार) असं स्पष्ट सांगा, नाहीतर ती सर्व्हरवर चालणारच नाही.

आणि तुमच्या भागीदारांना माझा निरोप द्या. कुबरनेटिस हे अनेक मशीनवर काम वाटण्यासाठी आहे. एक मशीन पडलं तर काम दुसऱ्यावर गेलं पाहिजे, दिवसातून अनेकदा नव्या आवृत्त्या जातात, आणि ते सांभाळायला निदान एक माणूस पूर्ण वेळ आहे, अशी वेळ आली की जरूर विचार करा. आज तुमच्याकडची मशीन मोजकी आणि एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. तिथे कुबरनेटिस गेलं तर डेटा बाहेर ठेवणं, लॉगला मर्यादा, सिगटर्म, यूटीसी, हे सगळं तसंच करावं लागेल, फक्त जास्त फाइलींमध्ये. आज नीट बांधलेल्या इमेजेस उद्या तिथेही चालतील, तेव्हा ही मेहनत फुकट जाणार नाही.

व्हॉल्यूमची यादी, प्रत्येकाची तयार झाल्याची तारीख आणि पीजी व्हर्जन फाइलमधला आकडा इथे टाका. डेटाबेसचा पासवर्ड आणि आडत्यांची नावं मात्र झाका. आणि ते होईपर्यंत त्या मशीनवर नवी इमेजही ओढू नका. डिस्कवर उरलेली जागा आधी जुन्या डेटाच्या प्रतीसाठी लागणार आहे.